पॉवरलूमवरची ९० सेकंदांची स्टॉप-मोशन : उजेड फडफडतो, बाहुलीचा पाय तुटतो, माग खरा वाटत नाही

पूर्वभाग_फ्रेम

ॲनिमेशन डिप्लोमाचं दुसरं वर्ष, सोलापूर. वर्षअखेरच्या प्रोजेक्टसाठी ९० सेकंदांची स्टॉप-मोशन (वस्तू जराजरा हलवून काढलेल्या फोटोंची फिल्म) करतेय. एक आजी रहाटावर कांड्या भरते (धोट्यात बसणाऱ्या कांड्यांवर सूत गुंडाळते), तिच्या मागे पॉवरलूम म्हणजे विजेवरचा माग चालू, शेवटी ती उठून विणून झालेली चादर हातात घेते. बाहुली २० सेंमी उंच. माग पुठ्ठ्याचा आणि आइस्क्रीमच्या काड्यांचा, ४० सेंमी रुंद. कॅमेरा म्हणजे फोन, त्यावर स्टॉप मोशन स्टुडिओ ॲप, सेकंदाला १२ फोटो. दोन टेबल लॅम्प, त्यात साधे एलईडी बल्ब.

फोनमध्ये एक्स्पोजर, फोकस, व्हाइट बॅलन्स तिन्ही लॉक आहेत, तरी प्ले केल्यावर उजेड फडफडतो. संध्याकाळी जास्तच. बाहुलीच्या आत वायरिंगमधली उरलेली तांब्याची तार आहे, ती गुडघ्यात तुटते. चेहरा प्लॅस्टिसिनचा, तो दुपारी बोटांना चिकटतो. आणि माग हलतो खरा, पण माग वाटत नाही, पुठ्ठा पुढे-मागे सरकतोय एवढंच दिसतं. खर्च हजार-बाराशेच्या आत बसवायचाय. जाणकारांनी सांगावं.

उजेडमास्तर

आधी उजेडाचं. बाकीचं दुरुस्त करता येतं, फडफडलेले फोटो पुन्हाच काढावे लागतात.

एक चाचणी कर. सेटवर काहीही न हलवता, ब्लूटूथ रिमोटने, दोन मीटर लांब उभी राहून ४८ फोटो काढ. ४ सेकंदांची क्लिप होईल. त्यात फडफड दिसली तर दोष दिव्याचा किंवा विजेचा. नाही दिसली तर दोष तुझा, म्हणजे तुझ्या कपड्यांचा आणि उभं राहण्याच्या जागेचा. पांढरा कुर्ता घालून सेटजवळ वाकलं की त्यावरून परतलेला उजेड बाहुलीच्या गालावर पडतो आणि दर फोटोला कमी-जास्त होतो. गडद कपडे घालायचे, जमिनीवर टेपची खूण करायची आणि प्रत्येक फोटोला त्याच खुणेवर मागे यायचं.

आता विजेचं. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त बल्बचा उजेड सेकंदाला १०० वेळा चढतो-उतरतो. शटर, म्हणजे फोटो उजेड घेतो तो वेळ, १/१२५ सेकंदाला असेल तर फोटोत चढ-उताराचा पूर्ण फेरा मावत नाही, १/८० ला सव्वा फेरा येतो, आणि तो सव्वा फेरा कुठून सुरू झाला यावर फोटोचा उजेड ठरतो. १/१००, १/५०, १/२५ ला पूर्ण फेरेच येतात. तू १/२५ किंवा १/१० वर जा, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) फोन देईल तितका खाली. लांब शटरमध्ये बारीकसारीक चढउतारांची सरासरी होते. फोनचं ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) बदलता येत नाही म्हणून फोटो पांढरा पडेल. तेव्हा लॅम्प बाहुलीवर थेट न मारता पांढऱ्या पुठ्ठ्यावर मारून उजेड परतवायचा.

संध्याकाळी फडफड वाढते हे व्होल्टेजचं लक्षण. साध्या बल्बमधलं सर्किट व्होल्टेज खाली आलं की उजेडही खाली आणतं. शटर कितीही नीट ठेवलं तरी हे सुटत नाही, दिवाच बदलावा लागतो. १२ व्होल्टची एलईडी पट्टी घे, १-१ मीटरचे दोन तुकडे (कापायच्या खुणा पट्टीवरच असतात, मध्येच कापलीस तर तेवढा भाग पेटत नाही), आणि १२ व्होल्ट ३ अँपिअरचा एसएमपीएस अडॅप्टर. अडॅप्टरवर इनपुट १००–२४० असं छापलेलं बघूनच घे. बाहेर १८० झाले काय नि २४० झाले काय, तो पट्टीला १२ च देतो. डिमर लावू नको. डिमर उजेड कमी करत नाही, दिवा वेगाने बंद-चालू करतो, म्हणजे फडफड पुन्हा दारात. उजेड जास्त वाटला तर बटर पेपरचे थर वाढव. पट्टी तापेपर्यंत तिचा उजेड थोडा उतरतो, म्हणून शूटच्या वीस मिनिटं आधी चालू करून ठेवायची.

खिडकी काळ्या कापडाने पूर्ण बंद कर किंवा सरळ रात्री शूट कर. पंखा बंद, त्याने लोकर आणि साडीचा पदर हलतो. आणि ॲप बंद करून पुन्हा उघडलं की लॉक सुटलेलं असू शकतं, दर बैठकीला तपासायचं.

पूर्वभाग_फ्रेम

४८ फोटोंची चाचणी घेतली. काही न हलवताही फडफड आहे, म्हणजे बल्बच. पट्टी आणते. पण काढून झालेले फोटो टाकवत नाहीत. सॉफ्टवेअरने डीफ्लिकर होईल का, म्हणजे फडफड काढता येईल का?

उजेडमास्तर

थोडंसं होईल. दा विंची रिझॉल्व्ह या एडिटरमध्ये डीफ्लिकर आहे, पण ते पैसे भरून घ्यायच्या स्टुडिओ आवृत्तीत. एफएफएमपेग या व्हिडिओच्या टूलमध्ये त्याच नावाचा फिल्टर फुकट मिळतो. तो आजूबाजूच्या फ्रेम्सची सरासरी काढून पूर्ण चित्र उजळ-गडद करतो, आणि नेमकं तिथेच अडतं. तुझे दिवे दोन. एकच फडफडला तर चेहऱ्याची एक बाजू बदलते, फिल्टर मात्र दोन्ही बाजू बदलतो. शिवाय गडद साडीतली आजी उभी राहून फ्रेममध्ये पसरली की सरासरी आपोआप उतरते. फिल्टरला वाटतं उजेड कमी झाला, तो मागची भिंत उजळवतो. आजी बसलेली असतानाचे शॉट वाचतील, उठण्याचा शॉट पुन्हा काढ.

तारकाम

तांब्याची तार बाहुलीत नको. तांबं वाकवलं की त्याच जागी कडक होतं आणि कडक झालं की तडकतं. लोखंडी तारेचा त्रास वेगळा : बोट सोडलं की ती जराशी परत येते, त्यामुळे दर फोटोला हात थरथरल्यासारखा दिसतो. ॲल्युमिनियम घे. क्राफ्टच्या दुकानात १.५ मिमीची मिळाली तर बरं, नाहीतर इलेक्ट्रिकच्या दुकानातून २.५ चौरस मिमीची एकतारी ॲल्युमिनियम वायर. साल काढल्यावर तार पावणेदोन मिमी भरते. साल ब्लेडने गोल कापू नको. तारेवर खाच पडते आणि पाय त्या खाचेतच तुटतो. उभी चीर देऊन ओढून काढ.

हातापायाला दोन पदर, पाठीच्या कण्याला चार. पदर ड्रिलमध्ये धरून हळू पिळायचे, सेंटीमीटरला एक वळसा पुरे. घट्ट पिळलेली तार शूटच्या आधीच निम्मी थकलेली असते. मांडी आणि नडगीवर एम-सील (मळून लावायची, वाळून कडक होणारी लांबी) चढवून हाडं कर, गुडघ्याला १ सेंमी तार मोकळी सोड. बहुतेकांची तार एम-सील जिथे संपतं त्या कडेला तुटते, कारण सगळा वाक एकाच रेषेवर येतो. कड निमुळती कर आणि तिथे ५–६ मिमी सुती दोरा गुंडाळ, म्हणजे वाक पसरेल.

आता मुद्द्याचं. आजी बसून कांड्या भरते ना? मग त्या बाहुलीला गुडघे हवेत कशाला? दोन बाहुल्या कर. एक कायमची बसलेली : मांडी एम-सीलमध्ये घट्ट, खालून ३ मिमीचा स्क्रू प्लायमधून कंबरेत, हलतात फक्त कंबर, मान आणि हात. दुसरी उभी. मधल्या उठण्यासाठी रहाट थांबल्याचा क्लोजअप घाल आणि तिथे कट कर. ९० सेकंदांच्या फिल्ममध्ये उठण्याची पूर्ण क्रिया दाखवण्यात आठवडा जातो आणि बघणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही.

चेहरा प्लॅस्टिसिनचा ठेवू नको. ही माती तेलाची असते, आपल्या एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की ती लोण्यासारखी होते. ३ सेंमीचा थर्माकोलचा गोळा, त्यावर फेव्हिकॉलने ताणून बसवलेलं सुती कापड. रंग ॲक्रिलिकच, ऑइलपेंट किंवा फेव्हिबाँड लागला तर थर्माकोल विरघळतो. डोळ्यांना टाचणीची डोकी, भुवया काळ्या दोऱ्याच्या, टाचणीने सरकवता येतील अशा. डोकं हलकं झालं की मान झुकायचीही थांबेल. साडीला आतून फेव्हिकॉल-पाणी १:३ लाव आणि पदराच्या काठात बारीक तार शिव, नाहीतर बोट लागेल तिथे कापड उकळल्यासारखं हलतं.

धोटाफणी

मागाचं सांगतो. पुठ्ठा वाटतो कारण तुमच्या मागाला क्रम नाहीये. मागात तीन गोष्टी एकामागून एक होतात : ताणा (उभे धागे) वर-खाली फाकतो, त्यातून धोटा आडवं सूत घेऊन जातो, फणी ते सूत कापडाला ठोकते. तिन्ही एकदम हलवल्या की यंत्र मरतं.

साधा पॉवरलूम मिनिटाला सुमारे १२० फेकी करतो, म्हणजे धोटा १२० वेळा फेकतो असं धरू. म्हणजे एक फेक अर्ध्या सेकंदाची, तुमच्या १२ च्या हिशेबात ६ फोटो. ते असे. पहिल्या फोटोत फणी मागे, ताणा पूर्ण फाकलेला, धोटा डाव्या पेटीत. दुसऱ्यात धोटा मधोमध, पण नीट आकाराचा ठेवू नका. पारदर्शक प्लॅस्टिकवर रंगवलेला लांबट धोटा वापरा, खऱ्याच्या तिप्पट लांब, दोन्ही टोकांना पुसट. तिसऱ्यात उजव्या पेटीत. चौथ्यात फणी निम्मी पुढे, ताणा मिटत आलेला. पाचव्यात फणी कापडाच्या कडेला टेकलेली आणि ताणा मिटलेला. सहाव्यात फणी निम्मी मागे, ताण्याचे दुसरे धागे वर निघालेले. मग हेच सहा उलट बाजूने. १२ फोटोंत धोटा जाऊन परत येतो, नेमका १ सेकंद.

फणीची चाल सारखी ठेवू नका. पुढे येताना जोरात, ठोकल्यावर ताणा १ मिमी थरथरावा. चादरीचा माग म्हणजे वर जकार्ड, नक्षीसाठी धागे उचलणारं यंत्र, हवंच. नक्षीच्या भोकं पाडलेल्या पत्त्यांची माळ ज्या चौकोनी सिलिंडरवर फिरते तो दर फेकीला पाव वळण घेतो, एक पत्ता पुढे. पाचव्या-सहाव्या फोटोत तो वळवा. एवढं एक हललं तरी आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातला, विणकरांच्या वस्तीतला माणूस माग ओळखेल.

प्रमाणही बघा. २० सेंमीची आजी म्हणजे साधारण १:७.५. ६० इंची चादर त्या मापात २० सेंमी रुंद येते. खऱ्या चादरीचा तुकडा लावू नका, सूत जाड आणि नक्षी अवाढव्य दिसेल. चादरीचा वरून सरळ फोटो काढून त्या मापात मॅट कागदावर छापा आणि दर सेकंदाला १ मिमी पुढे ओढा. खऱ्या मागापेक्षा हे जास्त आहे, पण त्याहून कमी डोळ्याला कळत नाही.

रहाटाचं चाक जपून. ८ आऱ्यांमध्ये ४५ अंशांचं अंतर. दर फोटोला ४५ अंश फिरवलंत तर चाक थांबलेलं दिसेल, ३५-४० ला उलटं फिरेल. १५ अंश ठेवा, २४ फोटोंत एक फेरा. एका आरीला लाल दोरा बांधा, मोजताना चुकणार नाही.

अनिमिष_२४

धोट्यासाठी १२ कमी पडतात. अख्खी फिल्म २४ वर करा, पुसट धोट्याची गरजच नाही.

धोटाफणी

२४ वर केलं तर १०८० फोटोंचे २१६० होतात, आणि धोट्याला हवेत फार तर दोन फोटो वाढतात. पुसट धोटा तरीही लागेल. हवं तर फक्त मागाचा क्लोजअप २४ वर काढा आणि बाकी १२ वर. टाइमलाइन पहिल्यापासून २४ ची ठेवायची, १२ वाले फोटो दोन-दोन फ्रेम धरायचे.

कानसेन

फिल्ममध्ये मागाचा आवाज खरा घ्या, तो नेटवरून उतरवू नका. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कारखानदाराला आधी विचारून जा, आणि सगळे माग चालू असताना एका मागाचा आवाज वेगळा मिळत नाही हे लक्षात ठेवा. जेवणाच्या सुट्टीत एकच माग दोन मिनिटं चालवून मागा. फोनचं साधं रेकॉर्डर ॲप आवाज आपोआप दाबतं-चढवतं, त्यामुळे ठोका बसका येतो. गेन, म्हणजे आवाज पकडायची पातळी, हाताने ठरवता येईल असं ॲप घ्या, वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्झ. मागापासून दोन-तीन मीटर लांब, सर्वात मोठा ठोका -६ डेसिबलच्या वर जाता कामा नये. ओढणी सैल सोडून मागाजवळ जाऊ नका.

जोडताना धोटा फेकल्याचा फटका दुसऱ्या फोटोवर, पेटीत थांबल्याचा तिसऱ्यावर, फणीचा पाचव्यावर. दाराबाहेरून घेतलेला मिनिटभराचा सलग खडखडाट वेगळा ठेवा. रहाटाच्या क्लोजअपला तोच खाली हळू लावायचा, तिथे जवळचा ठोका नको.

पूर्वभाग_फ्रेम

दोन बाहुल्यांचं पटलं. शेवटचं एक : लॅपटॉप ४ जीबी रॅमचा आहे, एडिट कशात करू?

तारकाम

रिझॉल्व्ह त्यावर चालणार नाही, ब्लेंडरलाही आता किमान ८ जीबी लागते. फोटो ॲपमधून १९२० बाय १०८० ला काढून घे, मूळ मोठे फोटो टाइमलाइनवर नकोत. मग शॉटकटसारखा हलका एडिटर वापरून बघ, त्यात फोटोंची मालिका एकच क्लिप म्हणून उघडते. त्यासाठी नावं चार आकडी हवीत, ०००१ पासून, मध्ये एकही क्रमांक गळालेला नको. नुसतं १, २, ३ दिलं तर काही ठिकाणी १ नंतर १० येतो आणि आजी मध्येच उडी मारते. दर शॉटचा फोल्डर वेगळा, आणि रात्री शूट संपलं की फोनमधून पेनड्राइव्हवर कॉपी केल्याशिवाय सेट मोडायचा नाही.