विषय: चार जातील, सात उरतात

मंडळी, नमस्कार.

डिसेंबरात आम्ही दोघं कायमचे मालवणला निघतोय. मस्कतमध्ये एकतीस वर्षं झाली. त्यातली शेवटची अठरा अल खुवैरच्या या तळमजल्यावर, आणि या तळमजल्यावर आज अकरा मांजरं आहेत. निरोपसमारंभाचं नंतर बघू.

नियम असा आहे की, निदान दोन वर्षं बाहेर राहून भारतात कायमचं परतणाऱ्याला सामानाबरोबर माणशी दोनच कुत्री किंवा मांजरं नेता येतात. आम्ही दोघं, म्हणजे चार. तिसरा माणूस कुठून आणू? मुलगा कॅनडात. त्याला मांजरांच्या केसांची अ‍ॅलर्जी आहे. ती या घरात लहानाचा मोठा होईपर्यंत नव्हती, लग्नानंतर झाली.

सुरुवात मत्र्याच्या मासळीबाजारात झाली. २०१७ मध्ये नवा बाजार उभा राहिला, त्याच्या आदल्या उन्हाळ्यात. मी शुक्रवारची तारली घ्यायला गेलो होतो. बर्फाच्या खोक्यामागे पाठीवर बांगड्यासारखे पट्टे असलेलं एक पिल्लू, डावा डोळा पू येऊन बंद. डॉक्टरांनी डोळा काढला आणि नाव बांगडा पडलं. पुढे नावांचा प्रश्नच उरला नाही, सगळी मासळीबाजारातलीच: काळा तो हलवा, पांढरी ती पापलेट, गाडीखाली येऊन तीन पायांवर तिरकी चालणारी चिंबोरी. शेजारचे ओमानी आजोबा मला अबू हुरैरा म्हणतात. पैगंबरांच्या एका सहकाऱ्याचं हे नाव, अर्थ मांजरीच्या पिल्लाचा बाप. एकतीस वर्षांत मिळालेली एवढी एकच पदवी.

आता मुद्दा. कोणती चार न्यायची यावर आमच्याकडे तीन आठवडे अबोला होता. शेवटी ठरलं ते असं: कोणी घेणार नाही ती आमच्याबरोबर. एकडोळा बांगडा, चिंबोरी, तेरा वर्षांचा सौंदाळा आणि पापलेट. पापलेट दिसायला राणी, पण निळ्या डोळ्यांच्या पांढऱ्या मांजरांत बरीच बहिरी निघतात, तशी ही ठार बहिरी आहे. हाका मारून यायची नाही, फरशीवर पाय आपटावा लागतो. उरलेली सात धडधाकट, देखणी, नसबंदी आणि लसीकरण झालेली. ती तुमच्यासाठी. पैसे नकोत, घर हवं.

तुमचा,
अल खुवैरचा मांजरवाला काका

---

काका, राग मानू नका, पण ही मेलिंग लिस्ट मंडळाच्या कामासाठी आहे. आमच्या रुवीच्या बिल्डिंगखाली कोणी तरी रोज रात्री भात टाकतं. सकाळी माझ्या बॉनेटवर पंजांची रांगोळी. अकरा मांजरं घरात घेणं हा तुमचा निर्णय होता, आता तो सगळ्यांच्या गळ्यात का? इथे माणसांच्या नोकऱ्या जातायत.

– एक सभासद, रुवी

---

सभासदांना विनंती: विषयाला धरून लिहावे. दिवाळी फराळाच्या ऑर्डरी या मेलवर पाठवू नयेत, कालपासून तीन आल्या आहेत.

– चिटणीस

---

काका, मी आणि नवरा मार्चमध्ये पुण्याला कायमचे जातोय. आमच्याकडे एकही प्राणी नाही, म्हणजे चार जागा रिकाम्या! आमच्या नावावर चार घ्या, मुंबईला उतरल्यावर तुम्ही येऊन घेऊन जा. कसं?

– सीबची मेघना

---

मेघना, हे कालपासून हवेत आहेत तुझी मेल वाचून, म्हणून मी लिहितेय. काकू.

मन मोठं आहे गं तुझं. पण तो नियम स्वतःचं जनावर नेणाऱ्यासाठी आहे. तू सांभाळणार असशील तर चार काय, ने. नुसती पेटी म्हणून नेणार असशील तर नको. विमानाच्या पोटातून निघालेलं मांजर आठ दिवस पलंगाखालून बाहेर येत नाही. तेव्हा त्याला पलंग कोणाचा आहे ते कळायला हवं, नाही तर पुण्यात एकदा आणि मालवणात पुन्हा. शिवाय रेबीजची लस निघायच्या निदान महिनाभर आधी, आरोग्याचा दाखला, चिप, विमानतळावरच्या प्राणी विलगीकरणवाल्यांचं ना-हरकत पत्र, हे सगळं मांजरागणिक वेगळं. एकाच मांजराचे कागद करताना ह्यांनी दोन वेळा प्रिंटर आपटला.

रुवीच्या भाऊंना: भात मी टाकत नाही, टाकूही नये. मांजराला भाताने काही मिळत नाही, झुरळं मात्र येतात. बॉनेटचं म्हणाल तर सकाळी गाडी सुरू करण्याआधी त्यावर दोन थापा मारा. उन्हाळ्यात पिल्लं सावलीसाठी आत इंजिनपाशी शिरतात. चिंबोरीचा पाय तसाच गेला. ह्यांनी गाडीखाली म्हणून लिहिलं, कारण ती गाडी आमची होती.

आणि ज्यांनी फोन करून 'घेऊन तर बघतो' म्हटलं त्यांना तीन गोष्टी. दूध देऊ नका, बहुतेकांना जुलाब होतात. ताप वाटला तर पॅनाडॉल, म्हणजे पॅरासिटामॉल, अजिबात नाही, अर्धी गोळीसुद्धा मांजराचा जीव घेते. आमच्या इमारतीतल्या एका सुशिक्षित बाईंनी दिली होती, मायेने. तिसरी गोष्ट, १५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर इथे सुरमई पकडायला बंदी असते, म्हणून सांगते, सातांतल्या कोळंबी मांजरीला सुरमईशिवाय काही चालत नाही अशी जी ख्याती ह्यांनी पसरवली आहे ती खोटी आहे. तारली उकडून, काटे काढून द्या, खाते.

– काकू

---

काकू, एक स्वतःसाठी घेते. नवऱ्याशी बोलले, तो 'एकच' म्हणतोय. हलवा चालेल?

– मेघना

---

चालेल. शुक्रवारी संध्याकाळी ये, पेटी आणू नकोस, त्याला त्याचीच ओळखीची देते. पहिले दोन दिवस एकाच खोलीत ठेव. त्याला कपडे धुवायच्या मशीनमध्ये झोपायची सवय आहे आणि ड्रमच्या अंधारात काळा हलवा दिसत नाही. मशीन लावण्याआधी प्रत्येक वेळी आत हात घालून बघ. नुसतं वाकून बघू नकोस, हात घाल.

हे म्हणतात शुक्रवारी त्यांना काम आहे, ते घरी नसतील. काही काम नाहीये त्यांना.

– काकू