हळू पळण्याचं वर्ष

ए-५०४: नमस्कार मंडळी. रविवारपासून लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये बरेच जण विचारताहेत की फुल मॅरेथॉन (४२.१९५ किलोमीटर) कशी झाली. प्रत्येकाला तुकड्यातुकड्यांत सांगण्यापेक्षा इथेच लिहिते. मेसेज मोठा आहे, सवडीने वाचा.

फुल ४ तास ३७ मिनिटं ४७ सेकंदांत झाली. पहिला अर्धा भाग २:१९:१०, दुसरा २:१८:३७. एकूण वेळेपेक्षा मला हे दोन आकडे जास्त प्रिय आहेत. तिसाव्या किलोमीटरनंतर भल्याभल्यांचा वेग पडतो, माझा पडला नाही. त्याचं श्रेय मी वर्षभर हळू पळण्याला देते, आणि हेच मला सगळ्यांना सांगायचं आहे.

वर्षाची सुरुवात १० किलोमीटरच्या शर्यतीने केली, ५८ मिनिटं लागली. मग हाफ मॅरेथॉन (२१.१ किलोमीटर), २ तास ९ मिनिटं. त्यानंतर भर उन्हाळ्यात आणखी एक हाफ, तिला २:२१ लागली. वेळ बघून काहींना वाटलं की मी मागे पडले. मला तसं मुळीच वाटत नाही. उन्हात शरीर थंड ठेवायला रक्त कातडीकडे वळतं, त्यामुळे त्याच वेगाला हृदयाचे ठोके वाढतात. म्हणून त्या दिवशी किलोमीटरला किती मिनिटं लागताहेत ते बघायचंच नाही, फक्त ठोके बघायचे, असं सुरुवातीच्या रेषेवरच ठरवलं होतं. शेवटचे तीन किलोमीटर मी लोकांना ओलांडत पळाले. वर्षातली माझी सगळ्यात शहाणी शर्यत ती.

फुलमधला एक प्रसंग सांगते. ३६व्या किलोमीटरला चढ होता. पुढे एक गृहस्थ बॅरिकेडला धरून उभे होते, पोटरीत गोळा आलेला, बुटाची लेस सुटलेली आणि वाकता येत नव्हतं. मी खाली बसून लेस बांधली, घट्ट डबल गाठ मारली. उठताना वाटलं होतं की मांड्या आता साथ सोडणार. पण सरळ उठता आलं, आणि तेव्हा कळलं की आज पायांत अजून शिल्लक आहे. उरलेले सहा किलोमीटर मी तेवढ्या भरवशावर पळाले.

सी-१०३: ताई, वाचताना अंगावर काटा आला. मनापासून अभिनंदन!

सेक्रेटरी काका: अभिनंदन. सोसायटीला अभिमान आहे. काळजीपोटी एकच विचारतो, या वयात इतकं पळून गुडघे झिजत नाहीत का? आमच्या पिढीला तर हेच सांगितलं गेलं.

ए-७०२: काकू, जबरदस्त! पण एक कळत नाही. हळू पळून वेग कसा वाढेल? मी रोज जीव तोडून पळतो, तरी माझी ५ किलोमीटरची वेळ दोन महिने जागची हलत नाही.

डॉक्टर वहिनी, बी-२०१: काका, गुडघ्यांचं मी सांगते. २०१७ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला होता. हौशी धावपटूंमध्ये गुडघा किंवा खुब्याच्या सांध्याची झीज साधारण ३.५ टक्के लोकांत दिसली, न पळणाऱ्या बैठ्या लोकांत १०.२ टक्के, आणि स्पर्धात्मक पातळीवर पळणाऱ्यांत १३.३ टक्के. यावरून पळण्यामुळेच झीज कमी होते असं म्हणता येणार नाही. ज्यांचे सांधे मुळात चांगले तेच लोक पळत राहतात, असंही असू शकतं. पण बेताने पळणाऱ्याचे गुडघे हमखास जातात, या समजाला आधार नाही. गुडघा आधीच सुजत असेल, लचकत असेल, तर मात्र आधी तपासून घ्या आणि मगच पळा.

सेक्रेटरी काका: हे नवीन कळलं. धन्यवाद वहिनी.

ए-५०४: ए-७०२, तुझा प्रश्न मला फार आवडला, म्हणून नीट उत्तर देते. रोज जीव तोडून पळतोस ना, तिथेच सगळी गोम आहे. तो वेग खरा जोराचाही नसतो आणि खरा हळूही नसतो. दमवतो भरपूर, घडवतो थोडं. सावकाश पळताना स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या वाढतात, पेशींमधली ऊर्जा बनवणारी यंत्रणा वाढते, हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलायला शिकतं आणि शरीराला चरबी जाळायची सवय लागते. हे सगळं व्हायला वेळ द्यावा लागतो, रोज धाप लागलीच पाहिजे असं नाही. दुसरं म्हणजे स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, पण टाचेमागची शीर (पोटरीला टाचेशी जोडणारा दोर) आणि हाडं यांना महिने लागतात. उत्साहात असलेल्या मुलांना दुखापत होते ती या फरकामुळे.

जगातल्या अव्वल लांब पल्ल्याच्या खेळाडूंच्या सरावाचा अभ्यास स्टीफन सायलर या शास्त्रज्ञांनी केला. त्यांना दिसलं की ते खेळाडू साधारण ८० टक्के सराव अगदी सोप्या पातळीवर करतात आणि उरलेलाच कष्टाचा. माझा फुलचा वेग किलोमीटरला ६:३५ होता. सोप्या दिवशी मी पावणेआठ-आठ मिनिटांनी पळते. शेजारून चालणारे आजोबा कधीकधी माझ्या बरोबरीने असतात, आणि मला त्यात काहीही कमीपणा वाटत नाही.

ए-७०२: पण हळू म्हणजे किती हळू? मला घड्याळात आकडा हवा.

ए-५०४: आकडा नको. पळता पळता बरोबरच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. वाक्याच्या मध्ये श्वास घ्यावा लागला की वेग जास्त आहे. ऊन, झोप, ताण, चढ, सगळं या एका कसोटीत आपोआप धरलं जातं. आकड्यात ते येत नाही.

आजोबा, सी-४०१: मी जरा विरोधात बोलतो. चेकोस्लोव्हाकियाचा धावपटू एमिल झाटोपेक याने १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णपदकं घेतली. मॅरेथॉन तर तो आयुष्यात पहिल्यांदाच पळत होता. तो काही हळू पळून तयार झाला नव्हता. ४०० मीटरचे तुकडे, एकामागून एक, साठ-साठ वेळा मारायचा.

ए-५०४: आजोबा, झाटोपेकचं नाव काढलंत, फार बरं वाटलं. पण बघा ना, एका दिवसात साठ वेळा ४०० मीटर कुणी पूर्ण जोरात पळूच शकत नाही. दोन तुकड्यांच्या मध्ये तो हळू पळत राहायचा, आणि सगळं मिळून अंतर प्रचंड व्हायचं. जोराचा सराव नकोच असं मी म्हणत नाही. आठवड्यातून एक दिवस मीही करते, आणि त्या दिवशी अजिबात हात राखत नाही. आदल्या दिवशी हळू पळलेलं असतं, म्हणून तर तो दिवस नीट जमतो.

आजोबा, सी-४०१: हे पटलं. चालू दे.

बी-३०४: एक साधी शंका. माझ्या हाफला घड्याळाने २१.४ किलोमीटर दाखवले. आयोजकांनी जास्त पळवलं की काय?

ए-५०४: नाही हो. माझ्या फुललाही घड्याळात ४२.७ आले. प्रमाणित मार्ग सायकलच्या चाकाला बसवलेल्या मोजणीयंत्राने मोजतात, तोही सगळ्यात जवळच्या रेषेने, वळणावर कडेपासून साधारण ३० सेंटिमीटर अंतर ठेवून. शिवाय मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून हजारात एक इतकी वाढ मुद्दाम धरतात, म्हणजे फुलमध्ये ४२ मीटर. आपण मात्र गर्दीतून आडवेतिडवे जातो, पाण्याच्या टेबलाकडे वळतो, वळण बाहेरून घेतो. त्यात घड्याळाची स्वतःची थोडी चूक.

हे शर्यतीआधी माहीत असणं फार कामाचं आहे. माझं घड्याळ दिवसभर सरासरी ६:३० दाखवत होतं, प्रत्यक्षात निकालात पडली ६:३५. घड्याळातल्या ६:३५ वर विसंबून राहिले असते तर ४ तास ४१ मिनिटं लागली असती. म्हणून मी मनगटावर दर पाच किलोमीटरला किती वेळ झालेला हवा ते लिहून नेलं होतं, आणि रस्त्यावरच्या पाट्यांशीच ताळा जमवत गेले.

बी-३०४: आणि हे ४२ पॉइंट १९५ कुठून आलं? गोल आकडा का नाही?

आजोबा, सी-४०१: हे मी सांगतो. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसर किल्ल्यापासून सुरू झाली आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या आसनांसमोर संपली. ते अंतर २६ मैल ३८५ यार्ड भरलं. पुढे १९२१ मध्ये तेच अधिकृत ठरलं.

सी-१०३: मी माझं सांगू का? ताईंनी माझ्या शर्यतीबद्दल लिहिलंच नाही. माझी पहिली १० किलोमीटर त्या माझ्याबरोबर पळाल्या, पूर्ण वेळ माझ्या वेगाने. त्यांना ५८ मिनिटं लागतात तिथे आम्ही १ तास १५ मिनिटं घेतली. आठव्या किलोमीटरला मी थांबणारच होते. डोळ्यांत पाणी आलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "श्वास सोडताना खांदे खाली सोडा. पुढच्या खांबापर्यंत बघू." मग त्याच्या पुढच्या खांबापर्यंत. शेवटी मी एकटीनेच वेग वाढवला आणि त्या मागून ओरडत होत्या.

ए-५०४: वहिनी, मुद्दाम ठेवलं होतं, तुम्ही सांगावं म्हणून. यंदाच्या सगळ्या शर्यतींत माझी सर्वांत लाडकी तीच. स्वतःसाठी पळताना लक्ष सतत आत असतं, श्वास, पाय, पाणी. त्या दिवशी मी पहिल्यांदा पूर्ण शर्यत बाहेर बघत पळाले. मागच्या रांगेतले लोक किती वेळ कष्ट करतात ते तिथे दिसलं. पुढचे लोक घरी जाऊन झोपलेले असतात तेव्हा हे अजून रस्त्यावर असतात. त्यांच्याबद्दल माझ्या मनात खूप आदर आहे.

ए-७०२: काकू, आई विचारतेय, तिसाव्या किलोमीटरला नेमकं काय होतं? सगळे वॉल-वॉल म्हणतात.

ए-५०४: सोपा हिशोब आहे. पळायला दर किलोमीटरला वजनाच्या प्रत्येक किलोमागे अंदाजे एक कॅलरी लागते. ६० किलोच्या माणसाला ४२ किलोमीटरसाठी साधारण २५०० कॅलरी. स्नायूंत आणि यकृतात साठलेली साखर असते जेमतेम २००० कॅलरींची. ६० ने भागून बघ, ३३ येतात. अर्थात चरबीही सोबत जळतच असते, म्हणून प्रत्येकाचं गणित थोडं वेगळं. पण सुरुवातीला वेग जास्त ठेवला तर साखर भराभर संपते आणि पाय अक्षरशः विझतात. हळू पळून चरबी जाळायची सवय इथेच उपयोगी पडते. त्याशिवाय मी दर ४० मिनिटांनी एक जेल (साखरेचा घट्ट पाक) घेतलं. शर्यतीच्या दिवशी नवीन काही नाही, सरावात लांब पळण्याच्या दिवशी तेच जेल, त्याच अंतराने घेऊन पोटाला सवय लावली होती.

डॉक्टर वहिनी, बी-२०१: आणि पाण्याबद्दलही लिहा. लोकांना वाटतं जितकं जास्त तितकं चांगलं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं होतं, त्यातल्या १३ टक्के लोकांच्या रक्तातलं सोडियम (मिठातला घटक) सामान्य पातळीच्या खाली घसरलेलं होतं. शर्यतीत ज्यांचं वजन वाढलं, म्हणजे घामापेक्षा जास्त पाणी पोटात गेलं, त्यांना धोका जास्त. सावकाश पळणारे प्रत्येक टेबलावर थांबून पितात, त्यांनी विशेष सांभाळावं. तहान लागली की प्यायचं, उगाच ढोसायचं नाही.

ए-५०४: अगदी बरोबर. मी घोट-घोटच घेते.

सी-१०३: ताई, आता पुढच्या वर्षी काय?

ए-५०४: पहिले सहा महिने फुल नाही. शरीराला पूर्ण सावरू द्यायचं, मग १० किलोमीटर थोडं जोरात. ५६ मिनिटांच्या आत यायची फार इच्छा आहे. वर्षाच्या शेवटी पुन्हा फुल. आणि मधल्या काळात तुमची हाफ, मी बरोबर असणार, हे आत्ताच ठरवून टाकू.

सी-१०३: हाफ?! बरं. तुम्ही असाल तर हो.

ए-७०२: मलाही यायचंय. आईपण म्हणतेय की चालत आलं तर चालेल का?

ए-५०४: अगदी चालेल. तीन मिनिटं चालायचं, एक मिनिट पळायचं, असं करत अर्धा तास. दोन-तीन आठवड्यांनी पळण्याचं मिनिट वाढवू. रविवारी पहाटे साडेपाचला गेटवर या. बूट नवीन घ्यायची घाई करू नका, आहेत ते आरामाचे असले की पुरे.

डॉक्टर वहिनी, बी-२०१: ज्यांना बीपी, साखर किंवा छातीचा काही त्रास आहे त्यांनी शनिवारी संध्याकाळी माझ्याशी बोलून घ्या. आणि कुठल्याही शर्यतीला जाल तेव्हा बिबच्या (छातीवर लावायच्या नंबराच्या कागदाच्या) मागे रक्तगट आणि घरच्यांचा नंबर पेनने भरा. तो रकाना बहुतेक जण कोरा सोडतात.

सेक्रेटरी काका: साडेपाचला गेट उघडं ठेवायला वॉचमनला सांगतो. जिन्याखालचा दिवाही दुरुस्त करून घेतो, पहाटे तिथे अंधार असतो.