मदत हवी आहे: पाच तारांच्या स्टिंगरेला घरच्या रियाजासाठी कोणता अ‍ॅम्प घ्यावा?

नमस्कार मंडळी,

बेस गिटार वाजवणारे आणि साउंडचं काम करणारे, दोघांकडूनही सल्ला हवा आहे. जरा सविस्तर लिहिते, म्हणजे खोली केवढी, बजेट किती हे पुन्हा विचारावं लागणार नाही.

बेस आहे म्युझिक मॅन स्टिंगरे स्पेशल, पाच तारांचा, एक हमबकर (तारांचं कंपन टिपणारा दुहेरी पिकअप) असलेला. बरीच वर्षं पैसे बाजूला टाकून गेल्या दिवाळीत घेतला. मी ठाण्यात राहते, नोकरी सांभाळून एका वाद्यवृंदात वाजवते. कार्यक्रमात अ‍ॅम्पचा प्रश्न येत नाही, बेस डीआय बॉक्समधून (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जुळेल असा करणाऱ्या डबीतून) थेट मिक्सरला जातो आणि मला मॉनिटरमधून ऐकू येतो. प्रश्न घरचा आहे.

घरी आधीच्या चार तारांच्या साध्या बेससोबत घेतलेला १५ वॉटचा, ८ इंची स्पीकरचा अ‍ॅम्प आहे. त्यावर नवा बेस लावला की मन खट्टू होतं. दुकानात मोठ्या कॅबिनेटवर (स्पीकरच्या पेटीवर) ऐकला तेव्हा बोटाचा दाब किंचित बदलला तरी आवाजात फरक कळत होता, सूर सोडला की त्याची आस शेवटपर्यंत ऐकू येत होती. घरी तोच बेस जुन्या बेससारखा वाजतो. त्यातून तीन तक्रारी आहेत:

पाचवी तार, म्हणजे खालचा बी, मोकळी वाजवली की स्पीकर फडफडतो. आवाज कमी ठेवला तरी थोडी फडफड राहतेच.

ए ची मोकळी तार आणि तिचा पहिला पडदा भयंकर घुमतो, बाकीचे सूर त्यामानाने दबलेले. पलंगावर भिंतीला टेकून बसते तेव्हा तर कपाटाची काचही थरथरते.

आवाज लहान केला की बेसमधला सगळा खर्जच निघून जातो. मग बेसचं बटण पूर्ण फिरवावं लागतं आणि ते फिरवलं की पुन्हा फडफड.

खोली १० बाय १०, उंचीही साधारण तेवढीच. खालच्या मजल्यावर एक वयस्कर जोडपं राहतं, स्वभावाने अतिशय चांगली माणसं आहेत आणि त्यांना त्रास होऊ नये अशी माझी मनापासून इच्छा आहे. रियाजाची वेळ ऑफिसमधून आल्यावरची, साडेआठ ते दहा. बजेट ३५ ते ४० हजार. वाद्यावर एवढा खर्च झाल्यावर आता ते नीट ऐकूही यावं असं वाटतं. फेंडर रंबल ४०, अ‍ॅम्पेगचा रॉकेट बास आरबी-११० आणि बॉसचा कटाना-११० बास अशी तीन नावं डोक्यात आहेत. फिल जोन्सच्या ४ इंची स्पीकरवाल्या छोट्या अ‍ॅम्पबद्दल फार चांगलं ऐकलंय, पण ४ इंचातून खर्ज कसा येणार हे समजत नाही. की थोडे पैसे आणखी साठवून २००-३०० वॉटचं हेड (स्पीकर नसलेला अ‍ॅम्प) आणि वेगळं कॅबिनेट घ्यावं?

आगाऊ आभार.

प्रतिसाद

मी लाइव्ह साउंड करतो. अ‍ॅम्पच्या आधी तुमच्या खोलीबद्दल बोलतो, कारण दुसरी तक्रार बहुधा अ‍ॅम्पची नाहीच.

१० फूट अंतरावर समोरासमोर दोन भिंती असल्या की त्यांच्यामध्ये साधारण ५६ हर्ट्झचा आवाज अडकून फुगतो. ए ची मोकळी तार ५५ हर्ट्झची आणि पहिल्या पडद्यावरचा बी फ्लॅट ५८ हर्ट्झचा. म्हणजे तुम्ही लिहिलेत नेमके तेच दोन सूर. त्यात तुमची लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही जवळपास सारखी, त्यामुळे तिन्ही दिशांनी तोच सूर फुगतो. चौरस खोली बेससाठी सगळ्यात वाईट. हा फुगवटा भिंतीलगत सर्वात जास्त असतो आणि खोलीच्या मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो.

खात्री करून घ्या. तोच ए पाचव्या तारेवर दहाव्या पडद्यावर वाजवा. तिथेही घुमला तर दोष तारेचा नाही आणि पिकअपचाही नाही. मग हेडफोनवर ऐका. तिथे घुमणं गेलं तर दोष खोलीचाच. तसं असेल तर कितीही महाग अ‍ॅम्प आणलात तरी ए घुमणारच, उलट मोठा स्पीकर तो जास्त घुमवेल. अ‍ॅम्प कोपऱ्यातून काढा आणि तुम्ही भिंतीपासून तीन-साडेतीन फूट पुढे खुर्चीवर बसून वाजवा. एवढ्यानेच बराच फरक पडतो.

आता फडफड. पाचव्या तारेचा मूळ सूर ३१ हर्ट्झचा आहे. ८ इंची स्पीकर छोट्या डब्यात बसवून ३१ हर्ट्झ वाजवायचा प्रयत्न केला तर कोन नुसता पुढेमागे धावतो, आवाज फारसा निघतच नाही. म्हणूनच चांगल्या छोट्या अ‍ॅम्पमध्ये हा अगदी खालचा भाग आधीच कापून टाकलेला असतो. तरीही आपल्याला सूर बी चाच ऐकू येतो, कारण कान वरच्या ६२, ९३, १२४ हर्ट्झच्या अंशस्वरांवरून मूळ सूर ओळखतो. तुमच्या ४ इंचाच्या शंकेचं उत्तर यातच आहे. फिल जोन्स डबल फोरमध्ये ४ इंची दोनच स्पीकर आहेत, पण ते हे वरचे अंश इतके स्वच्छ देतात की खर्ज "आहे" असं वाटतं. छातीवर दणका मात्र मिळणार नाही.

तिसरी तक्रार तुमच्या कानाची आहे, म्हणजे सगळ्यांच्याच कानाची. १९३३ साली बेल लॅब्समधल्या हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी मोजून दाखवलं की आवाज लहान झाला की आपल्याला खर्ज मधल्या पट्टीपेक्षा कितीतरी जास्त वेगाने कमी ऐकू येऊ लागतो. ती कसर बेसचं बटण फिरवून भरून काढायला जाऊ नका. १० डेसिबल वाढवलं तर त्या भागात अ‍ॅम्पला दसपट ताकद लागते आणि १५ वॉटमध्ये ती असणार कुठून? त्याऐवजी २५० ते ५०० हर्ट्झच्या आसपास थोडं वर घ्या आणि स्टिंगरेवरची तिन्ही बटणं मध्यावरच्या खटक्यावर ठेवून सुरुवात करा. त्यातला प्रीअ‍ॅम्प १८ व्होल्टचा, बॅटरीवर चालणारा आहे, जुन्या पॅसिव्ह (बॅटरीवाचून चालणाऱ्या) बेसपेक्षा सिग्नल तगडा येतो. तुमच्या अ‍ॅम्पला ॲक्टिव्ह बेससाठी वेगळा जॅक किंवा पॅडचं (सिग्नल कमी करणारं) बटण असेल तर ते वापरा, नसेल तर गेन (येणारा सिग्नल किती वाढवायचा ते बटण) खाली आणा. जुना बेस लावलेला असतानाच्या जागीच गेन राहिला असेल तर फडफडीतला निम्मा भाग तिथूनच येत असेल.

धागाकर्ती

इतकं नेमकं उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं, खूप आभार. आत्ताच करून पाहिलं. दहाव्या पडद्यावरचा ए तसाच घुमतो आणि हेडफोनवर अजिबात घुमत नाही. खोलीच्या मध्याशी उभी राहिले तर तो सूर खरंच पुसट होतो! गेन खाली आणल्यावर वरच्या तारा स्वच्छ झाल्या, पाचवी तार अजून फडफडते.

प्रतिसाद

मडगावहून लिहितोय. चर्चमध्ये, लग्नांत आणि तियात्रांच्या बँडमध्ये बेस वाजवतो.

वरचं सगळं बरोबर आहे, फक्त एक बाजू राहिली. बेस शरीराने वाजवायचं वाद्य आहे. सतत हेडफोनवर किंवा इवल्याशा स्पीकरवर रियाज केला की हात जड पडायला लागतो, कारण आवाज ओढून काढायची सवय लागते. मग मोठ्या सिस्टिमवर प्रत्येक सूर ठोकल्यासारखा येतो. शिकायला येणाऱ्या मुलांमध्ये मी हे नेहमी पाहतो. म्हणून माझं मत १० इंचाचं. त्याखाली जाऊ नका.

तुमच्या तिघांपैकी रंबल ४० मी स्वतः वापरतो. वजन आठ किलोच्या आसपास, एका हाताने जिना चढता येतो. मागे एक्सएलआर लाइन आउट (थेट मिक्सरला जोडायचा जॅक) आहे, हेडफोनची आणि मोबाइल जोडायची सोय आहे. रंबल २५ स्वस्त आहे, पण त्याला लाइन आउट नाही आणि स्पीकर पुन्हा ८ इंचीच. रंबल ४० मध्ये ट्वीटर (उंच सुरांचा छोटा स्पीकर) नाही, त्यामुळे अंगठ्याने स्लॅप वाजवलात तर वरची धार थोडी बोथट येईल. स्टिंगरेची अर्धी ओळख त्या धारेत आहे, तेव्हा तुम्ही स्लॅप करत असाल तर कटानासारखा ट्वीटरवाला १० इंची ऐकून पाहा. अ‍ॅम्पेगच्या आरबी-११०चा आवाज तिघांत मला सगळ्यात गोड वाटला, मधली पट्टी भरदार आहे.

हेड आणि कॅबिनेट मात्र नको. ड्रमरसोबत उभं राहायचं तर ४० वॉट पुरत नाहीत, किमान २०० लागतात हे खरं. पण तुम्ही तर मिक्सरला जोडता, मग घरात ३०० वॉट आणून करणार काय? वॉट दुप्पट झाले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. तुमचा बटणाचा काटा एकाच्या वर कधी जाणार नाही, आणि तिथे बरेच अ‍ॅम्प नीट ताब्यात राहत नाहीत. जरा हात लागला की एकदम मोठा होतो.

प्रतिसाद

मी उलट बाजूने सांगते. इमारतीत राहणाऱ्यांनी रात्रीचा रियाज हेडफोनवरच करावा.

अ‍ॅम्प स्टुलावर किंवा जाड फोमवर ठेवला की लादीतून जाणारा थरथराट कमी होतो, हे नक्की करा. पण हवेतून जाणारा खर्ज भिंत आणि स्लॅब फारसा अडवत नाहीत. पाचव्या तारेची लहर ११ मीटर लांब असते, तिला तुमचा पडदा आणि गादी दिसतसुद्धा नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे, पण ती ज्या ए-वेटिंगने (कानाच्या संवेदनेनुसार मोजण्याच्या पद्धतीने) मोजतात ते ५० हर्ट्झला जवळजवळ ३० डेसिबल कमीच धरतं. म्हणजे मीटरवर सगळं ठीक आणि खालच्या आजोबांच्या उशीत धडधड, असं होऊ शकतं. आकड्यावर जाऊ नका, खाली जाऊन विचारा. एकीला वर वाजवायला सांगून स्वतः त्यांच्या बैठकीत बसून ऐकलंत तर सगळ्यात उत्तम.

हेडफोन कानाला पूर्ण झाकणारे, मागून बंद आणि वायरवालेच घ्या. ब्लूटूथवर तार छेडल्यानंतर सूर उशिरा येतो, ठेका धरताच येत नाही. बेयरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो किंवा ऑडिओ-टेक्निकाचा एम५०एक्स, दोन्हींत खालचा बी पूर्ण ऐकू येतो. एवढा तो खोलीतल्या कुठल्याही १० इंची अ‍ॅम्पवर येणार नाही. आणि थेट जोडून वाजवणं कमी दर्जाचं असं कुणी म्हटलं तर मनावर घेऊ नका. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या रेकॉर्डिंगमध्ये तिथला बेसवादक जेम्स जेमर्सनचा बेस बऱ्याचदा थेट मिक्सरलाच जोडलेला असायचा.

प्रतिसाद

फक्त एक सूचना. अमेरिकेतून येणाऱ्या नातेवाइकाबरोबर अ‍ॅम्प मागवायचा विचार असेल तर आधी मागच्या पट्टीवर व्होल्टेज वाचायला सांगा. तिथले कितीतरी अ‍ॅम्प फक्त १२० व्होल्टचे असतात. थेट आपल्या २३० व्होल्टला लावला तर जळतो, आणि जड ट्रान्सफॉर्मर बाळगत बसण्यात अर्थ नाही. शिवाय जुन्या इमारतीत अर्थिंग तपासून घ्या. सतत गुणगुण येत असेल तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, मग अ‍ॅम्पला नावं ठेवा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. आता चित्र बरंच स्पष्ट झालं.

हेड-कॅबिनेटचा विचार सोडला. मी स्लॅप क्वचित करते, बहुतेक बोटांनीच वाजवते, त्यामुळे ट्वीटरवाचून अडणार नाही. शनिवारी धोबीतलावच्या फुर्ताडोजमध्ये स्वतःचा बेस घेऊन जाणार आहे. १० इंचीपैकी जे तिथे असतील ते सगळे अगदी लहान आवाजात ऐकेन, कारण घरी तेवढ्यावरच वाजवायचं आहे. बेसची बटणं मध्यावर, अ‍ॅम्पचीही मध्यावर, आणि पहिली पाचवी तार. फडफडला की पुढचा. अर्थिंग उद्या बघून घेते. बजेटमधून हेडफोनचे पैसे आधी बाजूला काढलेत, साडेनऊनंतर तेच. त्याआधीचा तासभर अ‍ॅम्प, खोलीच्या कोपऱ्यापासून लांब, फोमवर.

खालच्या आजींशी बोलले. त्या म्हणाल्या की आवाजाचं काही नाही, पण ती एकच "हूं" येते तेव्हा देवघरातली घंटी हलते. तो ए च असणार.

एक शंका राहिली, साउंडवाल्या दादांना विचारते. खुर्ची भिंतीपासून साडेतीन फुटांवर घेतली तर ए कमी झाला, पण आता चौथ्या तारेवरचा खालचा जी, म्हणजे तिसरा पडदा, जरा दबल्यासारखा वाटतो. हे खोलीचंच आहे, की पिकअपची उंची त्या बाजूला वाढवून पाहावी?