शनिवारी मॅच आणि बुधवारी कोच पॉझिटिव्ह : २०२० चे किस्से टाका इथे

टस्कलूसाची_माई
काल टीव्हीवर विम्याची ती बदकवाली जाहिरात लागली आणि त्यात निक सेबन, अलाबामाच्या कॉलेज फुटबॉल टीमचा जुना कोच. नवरा म्हणाला, "म्हातारा रिटायर झाला तरी दिसतोच आहे." तेव्हापासून २०२० चा ऑक्टोबर डोक्यात घोळतोय, म्हणून धागा काढते.

आम्ही तेव्हा अलाबामात, टस्कलूसाला. नवऱ्याची पीएचडी, मला काम करायची परवानगी नाही, कडेवर पोर. त्या गावात शनिवार म्हणजे फुटबॉल, बाकी सगळं त्याच्या आगेमागे. आणि सेबन म्हणजे... गावात त्याच्याबद्दल वाकडं बोललं तर घर भाड्याने मिळणार नाही, इतकं.

१४ ऑक्टोबर, बुधवार. शनिवारी जॉर्जियाशी मॅच, देशात आम्ही दोन नंबरवर, ते तीनवर. संध्याकाळी बातमी आली, सेबन पॉझिटिव्ह. त्यांचे ॲथलेटिक डायरेक्टर ग्रेग बर्न पण पॉझिटिव्ह. शेजारच्या आजी मार्चपासून दुधाची बाटलीसुद्धा पुसून घरात घ्यायच्या. त्या तशाच, मास्क विसरून, कुंपणाशी आल्या आणि म्हणाल्या, "आता शनिवारी कोण उभं राहणार?" अहो, माणूस ६८ वर्षांचा! आपल्याकडे त्या वयाचे काका पॉझिटिव्ह आले की आधी ऑक्सिमीटर शोधायचे, मग बाकीचं. इथे तब्येतीचं नाव कोणी काढेना. सगळ्यांना एकच घोर, मदतनीस कोच सार्किसियनला एकट्याला झेपेल का.

रात्री आईचा साताऱ्याहून फोन. "तुमच्या कॉलेजातले मास्तर आजारी आहेत म्हणे? जावईबापू त्यांच्याच हाताखाली आहेत का?" मी म्हटलं, नाही गं, ते फुटबॉलचे. तर म्हणते, "मग एवढी काय रडतेस?"

मी रडत नव्हते. कांदा चिरत होते.

पुढचं बऱ्याच जणांना माहीत असेल. लक्षणं नसतील आणि चोवीस चोवीस तासांच्या अंतराने तीन पीसीआर निगेटिव्ह आल्या तर परत येता येतं, असा त्यांच्या लीगचा नियम होता. तिन्ही निगेटिव्ह. शनिवारी सकाळी सुटला आणि संध्याकाळी मैदानावर हजर. हाफटाइमला २०-२४ मागे, शेवटी ४१-२४ ने जिंकले. लाखभर माणसांचं स्टेडियम, त्यात वीस टक्केच लोक, तरी आमच्या खिडकीपर्यंत आवाज.

तुमच्या गावात कोण पॉझिटिव्ह आलं होतं? लिहा. पोरगी उठली, मी पळते.

बॉयलर_बंड्या
पर्ड्यू युनिव्हर्सिटी. कोच जेफ ब्रॉम. सीझनच्या पहिल्याच मॅचच्या आधी. आमचा सीझन मुळात ऑगस्टमध्ये रद्द करून सप्टेंबरमध्ये परत चालू केलेला, त्यामुळे आधीच कोणाचा कशावर विश्वास नव्हता. मग कोचच्या जागी त्याचा सख्खा भाऊ ब्रायन उभा राहिला आणि आयोवाला २४-२० ने हरवलं. लॅबमधला तमिळ मित्र म्हणाला, आजारी दादाचं दुकान धाकट्याने सांभाळलं. आम्ही स्टेडियमपासून दहा मिनिटांवर राहून मॅच लॅपटॉपवर बघितली कारण प्रेक्षकांना बंदी, फक्त घरच्यांना प्रवेश. आणि स्ट्रीम पण अडकत होतं.

पुण्यातून_वाचतोय
हा फुटबॉल म्हणजे हाताने खेळतात तोच ना

बॉयलर_बंड्या
हो. बस जरा.

गेटर_गौरी
आमचा किस्सा सगळ्यात भारी आहे, फ्लोरिडा, कोच डॅन मुलन. १० तारखेला टेक्सास ए अँड एमकडून ४१-३८ ने हरलो. का हरलो? तर म्हणे तिकडे प्रेक्षकांचा फार आवाज होता. म्हणून मुलनने जाहीरच केलं की पुढच्या मॅचला आपलं स्टेडियम भरा, मला नव्वद हजार लोक हवेत. ऑक्टोबर २०२० मध्ये!! चार दिवसांत टीममध्येच इतके पॉझिटिव्ह निघाले की एलएसयूशी (लुइझियाना स्टेट) होणारी मॅच पुढे ढकलली, आणि त्या शनिवारी मुलन स्वतः पॉझिटिव्ह. आमच्या मराठी ग्रुपवर जे काही चाललं होतं ते इथे लिहिता येणार नाही. एका काकूंनी फक्त "करावे तसे भरावे" लिहिलं तर त्यांच्याच मुलाने त्यांना ग्रुपमधून काढलं. मुलगा ॲडमिन होता आणि गेटर, म्हणजे फ्लोरिडाचा फॅन होता.

ढकललेली मॅच १२ डिसेंबरला झाली. धुकं इतकं की टीव्हीवर बॉल दिसेना. एलएसयू अडकली होती, चेंडू आमच्याकडे येणार, तेवढ्यात आमच्या एका पोराने त्यांच्या खेळाडूचा बूट उचलून भिरकावला. पेनल्टी, बॉल त्यांच्याकडेच राहिला. मग त्यांनी ५७ यार्डांवरून किक मारली आणि ३४-३७ हरलो. ऑक्टोबरातच खेळलो असतो तर धुकं नाही, बूट नाही. मी अजून हा सगळा हिशोब कोविडच्या खात्यात टाकते.

टस्कलूसाची_माई
@गौरी बूट!!! 😂 नवरा तो व्हिडिओ अजून बघतो, मूड गेला की.

स्वॅबवाली
मी तेव्हा दुसऱ्या एका राज्यात विद्यापीठाच्या टेस्टिंग सेंटरवर होते, नाव नको. माईने लिहिलंय त्यात एक जोडते. लोक म्हणाले सेबनसाठी नियम वाकवला. तसं नव्हतं, नियम आधीच होता आणि पहिली टेस्ट खोटी पॉझिटिव्ह धरली गेली. एकदा पॉझिटिव्ह आणि मग लागोपाठ तीन निगेटिव्ह असं निघालं तर पहिल्या नमुन्यात गडबड असू शकते, पीसीआरमध्ये होतं तसं. पण मला खटकायचं ते दुसरंच. खेळाडू आणि कोच यांची रोज टेस्ट. आणि आमच्याकडे डॉर्मची पोरं रिपोर्टसाठी दिवसच्या दिवस खोलीत बसून. एक मराठी मुलगा होता, जेवणाचं पाकीट दाराबाहेर ठेवून जायचे, त्यात रोज टर्की सँडविच. हा शाकाहारी. पाव खाऊन दिवस काढले त्याने. त्याची टेस्ट तीनदा कोण करणार होतं?

गेटर_गौरी
@स्वॅबवाली +१. अगदी.

कोल्हापुरी_बकाय
ओहायो स्टेट. कोच रायन डे, थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी. इलिनॉयची मॅच रद्द. पुढच्या मॅचला लॅरी जॉन्सन उभे राहिले, वय झालेला माणूस, शांत, आणि मिशिगन स्टेटला ५२-१२ धुतलं. मग मिशिगनमध्ये पॉझिटिव्ह निघाले आणि तीही मॅच रद्द. आता मिशिगनशी मॅच रद्द म्हणजे काय हे इथे कोणाला सांगू. आमच्याकडे वर्षभर त्या एकाच दिवसासाठी जगतात माणसं. आमच्या मजल्यावरचा एक जण तर म्हणत होता मिशिगनवाले मुद्दाम खोकले.

लीगच्या फायनलसाठी किमान सहा मॅच खेळायची अट होती ती काढली तेव्हा कुठे पुढे गेलो. आणि देशाच्या फायनलला कोण समोर? माईचा अलाबामा. २४-५२. धागा बघूनच बीपी वाढलंय.

टस्कलूसाची_माई
@कोल्हापुरी_बकाय सॉरी दादा 🙏 (नाही खरं तर)
फायनलच्या रात्री युनिव्हर्सिटी बुलेवार्डवर ही गर्दी, खांद्याला खांदा, मास्क कुणाच्या हनुवटीला, कुणाला नाहीच. ऑगस्टमध्ये याच गावात कॉलेज उघडल्यावर पाचशेवर जण पॉझिटिव्ह आले म्हणून मेयरनी बार बंद केले होते. आणि राहिलंच सांगायचं, सेबन नोव्हेंबरमध्ये परत पॉझिटिव्ह आला! तेव्हा खरोखरच नाक गळत होतं. ऑबर्नविरुद्धची मॅच त्याने घरी बसून बघितली, मैदानावर फोन करायलाही नियमाने बंदी. ४२-१३ जिंकले त्याच्याशिवाय. शेजारच्या आजी दोन दिवस गप्प होत्या. त्याच्याशिवाय जमतं हे त्यांना पचेना.

पुण्यातून_वाचतोय
अहो पण आपल्या शास्त्रीबुवांचं विसरलात का. सप्टेंबर २०२१, ओव्हल टेस्ट चालू असताना पॉझिटिव्ह. त्याआधी लंडनमध्ये पुस्तकाच्या प्रकाशनाला गेले होते, त्यावरून काय शिव्या खाल्ल्या. कोच हॉटेलात आणि इकडे पोरांनी १५७ रननी टेस्ट काढली. मग मँचेस्टरची रद्दच. पुढल्या वर्षी बर्मिंगहॅमला खेळवली तर इंग्लंडने ३७८ चेस केले. सिरीज २-२. तुमच्या त्या बुटासारखंच झालं गौरीताई

गेटर_गौरी
बघा, कळला ना खेळ 😄

नाशिककर_९०
आयपीएलमध्ये चेन्नईचे बालाजी पॉझिटिव्ह आले ते मे २१ मध्ये, आणि दुसऱ्या दिवशी स्पर्धाच थांबवली. मला ती तारीख लक्षात आहे कारण त्या आठवड्यात बाबा ॲडमिट होते. वॉर्डाबाहेर आम्ही चार-पाच पेशंटांच्या घरचे, एकमेकांना अनोळखी, मोबाईलवर स्कोअर बघत बसायचो, ऑक्सिजनचं बोलायला नको म्हणून. मॅच बंद झाल्यावर कोणाला काय बोलावं सुचेना. बाबा गेले त्यात. धाग्याचा विषय हा नाही, माहीत आहे. आलं मनात.

स्वॅबवाली
@नाशिककर विषय हाच आहे. लिहिलंत बरं केलंत.

टस्कलूसाची_माई
🙏 बाबांना क्रिकेट आवडायचं का?

नाशिककर_९०
हो. धोनी सोडून सगळ्यांना नावं ठेवायचे.

कोल्हापुरी_बकाय
मग बरोबर माणूस होता.

सेमिनोल_सासू
उशिरा आले, भांडी चालू होती. फ्लोरिडा स्टेट, लेक तिथे. त्यांचा नवीन कोच नॉरवेल, एकच मॅच झाली होती आणि पॉझिटिव्ह. त्याच्याविना मायामीकडून ५२-१० हरले. जावई म्हणाले कोच नव्हता म्हणून. मी म्हटलं आधीची पण हरला होतात की, तेव्हा तर होता. तेव्हापासून मॅचच्या दिवशी मला स्वयंपाकघरातच ठेवतात. बरं ते असो, माई, तुम्ही टस्कलूसात मॅचच्या आधी पार्किंगमध्ये वडापाव विकायचात त्या तुम्हीच का? लेकीची मैत्रीण सांगत होती.

टस्कलूसाची_माई
विकायचे नाही हो, वाटायचो! विकले असते तर व्हिसाची पंचाईत. आणि ते २०१९ मध्ये. २० साली टेलगेटिंग, म्हणजे मॅचआधीचं ते पार्किंगमधलं खाणंपिणं, बंदच होतं. लाल चटणी बघून एक लाल टोपीवाले काका म्हणाले "रोल टाईड" (अलाबामाचा जयघोष) आणि अख्खा चमचा तोंडात.

बॉयलर_बंड्या
मग??

टस्कलूसाची_माई
मग काय, पाणी, दूध, आईस्क्रीम. पुढच्या मॅचला बायकोला घेऊन आले, तिलाही हवी म्हणून.

सेमिनोल_सासू
चटणीत सुकं खोबरं किती घेता? माझी ओलसर होते इथल्या दमट हवेत.

गेटर_गौरी
@सासूबाई खोबरं आधी कोरडं भाजा आणि मिक्सर थांबत थांबत फिरवा, सलग फिरवलं की तेल सुटतं. आणि फ्लोरिडा स्टेटच्या लोकांना एवढंच सांगते, जास्त विचारू नका 😛