भाताच्या बियाण्यात 'मार्कर' म्हणजे काय? जीएम (प्रयोगशाळेत जनुकीय बदल केलेलं) असतंय काय?

खानापूरकर:
आमच्याकडं बेळगाव बासमती लावतोय, वास चांगला पण कडा करपा आला की पानं कडेनं पिवळी पडून वाळत येतात. परवा एकजण म्हणाला मार्करवालं बियाणं आलंय, ते जीएम असतंय काय, आणि घरचं बी राखता येतंय काय?

निपाणीचा दादा:
जीएम नव्हे हो. संकर नेहमीसारखाच परागकण टाकून करतात, फक्त रोप लहान असतानाच पानाचा तुकडा घेऊन डीएनए तपासतात, रोगाला दाद न देणाऱ्या जीनच्या शेजारची खूण, म्हणजेच मार्कर, दिसली की ते रोप ठेवायचं, नाही तर टाकायचं, रोग यायची वाट बघायला नको. सांबा मसुरी भातात असंच कडा करप्याला दाद न देणारे Xa21, xa13, xa5 हे तीन जीन आणले, 2008 ला सुधारित वाण आला. मूळ वाणाशी परत परत संकर केल्यानं दाणा बारीकच राहिला. भाताचं सरळ वाण (घरचं बी पेरलं तरी तसंच उगवणारं) असंल तर बी राखा की, बाजरीचं एचएचबी 67 इम्प्रूव्हड पण मार्करनंच केलंय पण ते संकरित, दरसाल विकत घ्यायलाच लागतंय.

चिकोडी_शाळू:
मग शाळवाला दुष्काळ सोसायचा मार्कर का येत नाही लवकर?

निपाणीचा दादा:
त्याला एक जीन पुरत नाही, बरेच लागतात आणि प्रत्येकाचा वाटा थोडा थोडा. दाणे भरताना पान हिरवं ठेवणाऱ्या भागांवर काम झालंय, पण करप्याइतकं सोपं नाही. खानापूरकर, तुमच्या बासमतीत ते करप्याचे जीन आणायलाच पाहिजेत, धारवाडच्या कृषी विद्यापीठात विचारा.