मदत हवी आहे: आर१५ ट्रॅकसाठी, पुढच्या फोर्कचं (सस्पेन्शनचं) काय करू?

नमस्कार मंडळी, मी बेळगावचा, टिळकवाडीत राहतो. गाडी यामाहा आर१५ व्ही४. पावसाळा सरला की कोइमतूरच्या करी स्पीडवेवर ट्रॅक डे (रेस ट्रॅकवर आपली गाडी पळवायचा दिवस) करायचाय. (चोर्ला घाटात गुडघा टेकवणाऱ्यांनी कृपया सल्ला देऊ नये. तिथे वळणावर समोरून ट्रक येतो.)

अडचण अशी: ब्रेक धरून वळणात शिरलो की पुढचा भाग पार बुडतो, ब्रेक सोडला की उसळतो आणि गाडी बाहेर जाते. माझं वजन ८४ किलो. फोर्कला कडक-मऊ करायचा ॲडजस्टर नाही. नुसतं जाड ऑइल भरून भागेल की कडक स्प्रिंगच हवी? माझ्या मते ऑइलनं डॅम्पिंग (दबण्या-उसळण्याचा वेग आवरणं) तेवढं वाढेल, वजन स्प्रिंगनंच पेलायचं.

मित्र म्हणतात, मागचा १४०/७० टायर काढ, १५० रुंदीचा घाल. रिम तीच ठेवून? टायर चिमटल्यासारखा बसेल. मी त्याच मापाचा मऊ कंपाउंडचा घेणार.

रिअर-सेटच्या (मागे-वर सरकवलेल्या फूटपेगच्या) प्लेटा इथल्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत करून मिळतील, ती काळजी नाही. पण माझ्या वजनाच्या कुणी स्प्रिंग बदलल्यात का? रेट (स्प्रिंगचा कडकपणा) किती घेतला? आणि बेळगाव, कोल्हापूर, हुबळीकडे फोर्क उघडून ऑइलची लेव्हल मोजून भरणारा मेकॅनिक असेल तर सांगा.