बीएस्सी झूलॉजी, दुसरं वर्ष, घर खाडीकाठी. इकॉलॉजीत शिरायचं कुठून?

खाडीकाठची

नमस्कार. मी दापोली तालुक्यातली. कॉलेजला एसटीने दीड तास जाते, दीड तास येते. इकॉलॉजी आम्हाला एका पेपरातला एक भाग आहे. अन्नसाखळीची आकृती काढायची: गवत, ससा, कोल्हा, वाघ. माझ्या दारात खाडी आहे, कांदळवन आहे, चिखलात निवट्या उड्या मारतात, आई ओहोटीला कालवं काढायला जाते. यातलं त्या आकृतीत काहीच नाही.

मला हेच शिकायचंय, पण सुरुवात कुठून करू ते कळत नाही. सरांना विचारलं तर म्हणाले, पुण्या-मुंबईला जा, इथे काही नाही. बाबा म्हणतात बीएड कर, शाळा तरी मिळेल. मोबाइलवर एक जाहिरात आलीय, पाच दिवसांची 'वाइल्डलाइफ इंटर्नशिप', नऊ हजार रुपये, शेवटी सर्टिफिकेट. नऊ हजार म्हणजे आमच्याकडे एका जाळ्याचे पैसे. भरू का? मार्क बासष्ट टक्के आहेत. इंग्रजी वाचता येतं, बोलताना फाफलते. कॉलेजात प्रोजेक्ट नाही, मायक्रोस्कोप आहे पण कपाटाची किल्ली रजेवर असते.

कुणी या वाटेने गेलं असेल तर खरं सांगा.

कोकणकडा_९

एमपीएससीची वनसेवेची परीक्षा दे. सरकारी नोकरी, जंगलही. बाकी सगळं हौसेचं काम.

उघाडीवरची

वनसेवा वाईट नाही, पण तिने विचारलं ते हे नव्हे.

आधी ते नऊ हजार. देऊ नकोस. ती सहल आहे, आणि सहल म्हणून चांगलीही असेल. पण गेली तीन वर्षं आमच्या प्रकल्पात फील्ड असिस्टंट निवडायला मी बसते, आणि सर्टिफिकेटांची पानं आम्ही उलटून पुढे जातो. खऱ्या इंटर्नशिपमध्ये तुझ्या हातून एखादं काम होतं, त्या कामावर कुणाचा तरी प्रश्न अडलेला असतो, आणि गेल्या वर्षी ते काम केलेल्या पोराशी तुला बोलता येतं. राहण्याजेवणाचा खर्च मागितला तर समजू शकते. 'अनुभवाचे' पैसे मागितले की उठायचं.

आता माझं सांगते. मी देवगडकडची. दुसऱ्या वर्षाला असताना मला पाणमांजरांचं वेड लागलं. आमच्या खाडीला खारबंधारा आहे, म्हणजे खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेला बांध. त्याच्या उघाडीशी, पाणी सोडायच्या दारांशी, जे दगड आहेत त्यांवर पाणमांजरं विष्ठा टाकतात. ताजी असली की काळी, चिकट, मासळीचा उग्र वास. वाळली की काडीने चुरायची. आत माशांचे खवले चकाकतात, कुर्लीच्या डेंग्याचे तुकडे निघतात. वर्षभर मी वहीत लिहिलं, तारखा टाकल्या, चित्रं काढली. त्या वहीचा मला केवढा अभिमान होता!

मग एक संशोधक बाई सर्वेक्षणाला आमच्याकडे आल्या. वही चाळली आणि एवढंच विचारलं, "किती वेळा गेलीस आणि काही सापडलं नाही?"

मी गप्प. सापडलं त्याच दिवशी लिहिलं होतं ना! जून ते सप्टेंबर एकही नोंद नाही. आता पावसाळ्यात पाणमांजरं दुसरीकडे गेली होती, की पावसाने दगड धुतले होते, की मीच छत्री घेऊन बाहेर पडले नव्हते? माझीच वही, आणि मलाच सांगता येईना. रात्री रडले, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या वर्षी नवी वही केली. दर रविवारी, ओहोटीला, उघाडीपासून देवळाखालच्या पायऱ्यांपर्यंत. निघाले किती वाजता, पोचले किती वाजता, तिथी कोणती, आदल्या दिवशी पाऊस होता का, किती दगडांवर ताजी विष्ठा. काही नसेल तर ठळक शून्य. गावातल्या बायका विचारायच्या, "काय गो, रोज रोज काय शोधतंस थंय?" मी म्हणायचे, हरवलेला पैंजण. विष्ठा म्हटलं असतं तर आईपर्यंत गेलं असतं.

त्या वहीतून एका पानाचा तक्ता केला आणि तीन संशोधकांना मेल केला. एकाचं उत्तर आलंच नाही, एकाने शुभेच्छा दिल्या, तिसऱ्याने दीड महिन्याने बोलावलं. ते माझं पहिलं काम. पगार इतका की एसटी आणि भात निघायचा.

मेल कसा लिहायचा तेही सांगते, कारण आम्हाला रोज येतात आणि बहुतेक एकाच साच्यातले असतात: 'मला लहानपणापासून निसर्गाची आवड आहे.' आवड सगळ्यांनाच असते गं. त्या माणसाचं एक तरी काम वाच, त्यात तुला काय कळलं नाही ते विचार, आणि तू कुठे राहतेस, काय मोजलंस, कधीपासून मोकळी आहेस हे सांग. दहा ओळी. इंग्रजी मोडकं चालतं. फील्डवर कोळीवाड्यात बोलायचं असतं, तिथे माझ्या बेंगळुरूच्या सहकाऱ्यांची भाषा चालत नाही, माझी चालते.

आणि तुझ्याकडे काय आहे ते तुला ठाऊक नाही. आमच्याकडे येणारी शहरातली मुलं हुशार असतात, पण ओहोटी कधी ते ॲपवर बघतात, आणि रेंज गेली की बसतात. तुझ्या बाबांना विचार, ते तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ सांगतील. दशमी म्हणजे साडेसातला भरती, म्हणजे दुपारी पावणेदोनच्या सुमाराला सुकती, पूर्ण ओहोटी. अष्टमीला भांग, पाणी फारसं हटणार नाही, खडकांकडे जायचं असेल तर अमावास्या-पौर्णिमेचं उधाण गाठायचं, तेव्हा ओहोटीही लांबवर हटते. किनाऱ्यावरच्या इकॉलॉजीचं अर्धं वेळापत्रक हेच आहे.

आता दारं. भारतातल्या तीन विज्ञान अकादमींची मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप असते, दोन महिन्यांची. विद्यावेतन मिळतं, येण्याजाण्याचा खर्च मिळतो, देशातल्या कुठल्या तरी संस्थेत शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम. अर्ज आदल्या हिवाळ्याच्या तोंडाशी निघतात आणि शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं, म्हणून पुण्याला जा म्हणणाऱ्या त्या सरांशी भांडू नकोस. पदवीनंतर वन्यजीवाचं एमएस्सी हवं असेल तर डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बेंगळुरूचं एनसीबीएस (नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेस) ही मोठी नावं. जागा थोड्या, प्रवेश परीक्षा आणि मुलाखत, आणि मुलाखतीत 'तू स्वतः काय पाहिलंस' हे खोदून विचारतात. पुण्यात गरवारे कॉलेजात जैवविविधतेचं एमएस्सी आहे. बीएनएचएस, म्हणजे १८८३ सालची मुंबईची नॅचरल हिस्ट्री सोसायटी, पक्षी आणि वनस्पतींचे छोटे अभ्यासक्रम घेते. पदवीचे मार्क काही ठिकाणी बघतात, तेव्हा बासष्टवर थांबू नकोस.

पैशाचं शेवटी सांगते कारण बाबा तेच विचारतील. पहिली चार-पाच वर्षं ओढाताण असते. नोकऱ्या प्रकल्पावर असतात, प्रकल्प संपला की पुन्हा मेल. माझ्याबरोबरचे दोघं पर्यावरण परिणाम अहवाल करणाऱ्या कंपन्यांत गेले, तिथे पगार बरा, झोप कमी. आकडेमोडीसाठी 'आर' आणि नकाशांसाठी 'क्यूजीआयएस' शिक, दोन्ही फुकट आहेत आणि दोन्हींनी माझं पोट भरलंय.

अंजर्ल्याचा_भाऊ

उघाडीवरची यांनी सांगितलं त्यात माझी भर. ताई, तू दापोलीची म्हणजे आमच्या शेजारची. हिवाळ्यात कासवांच्या हंगामाला ये. २००२ च्या सुमारास वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली, मग आमच्याकडे आणि इतर गावांत पसरलं. आता वनखात्याच्या देखरेखीखाली कासवमित्र किनाऱ्यावर फिरतात.

काम दिसतं तितकं गोड नाही. पहाटे वाळूवर मादीचा माग शोधायचा, घरटं सापडलं तर अंडी जपून काढून हॅचरीत, म्हणजे किनाऱ्यावरच्या कुंपण घातलेल्या जागेत, तेवढ्याच खोल खड्ड्यात पुरायची. शंभराच्या आसपास असतात. पन्नासेक दिवस राखण. कुत्री, कोल्हे, समुद्राची धूप, आणि मार्चनंतर वाळू तापते. वाळू जास्त तापली की माद्या जास्त, थंड राहिली की नर, हे पुस्तकात वाचशील, इथे खड्ड्याशी उभी राहून कळेल. पिल्लं सोडताना पर्यटक फोटो काढतात. त्यानंतर फुटकी, नासकी, न फुटलेली अंडी वेगळी मोजायला कुणी थांबत नाही. तिथे तू थांब. वनखात्याला विचारून, कासवमित्राबरोबरच. कासव कायद्याने संरक्षित आहे, आपल्या मनाने हात लावायचा नाही.

२०२३ मध्ये गुहागरला उपग्रह टॅग लावलेली बागेश्री नावाची कासवमादी श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली, तेव्हा सगळ्या पेपरांत आलं. पण माद्या कोणत्या किनाऱ्यावर कधी वर येतात हे वीस वर्षं वही धरणाऱ्यांना आधीच माहीत होतं.

निवृत्त_वनस्पतीवाला

बाळ, मी रत्नागिरीकडे तीस वर्षं बॉटनी शिकवली. तुझ्या कॉलेजची किल्ली रजेवर असते हे वाचून हसलो आणि जरा लाजलोही, आमचीही असायची.

तू खाडीचीच आहेस म्हणून खाडीच धरावीस असं नाही. वर सड्यावर, जांभ्याच्या सपाट माळावर जा. मेमध्ये तो काळा कातळ तव्यासारखा असतो, सरकारी दप्तरात बहुतेक पडजमीन. पहिला पाऊस पडून गेला की दीपकाडीची पांढरी फुलं वर येतात. पुढे खळग्यांतल्या पाण्याकाठी सीतेची आसवं, दवबिंदू, गेंद. मातीत नत्र इतकं कमी की सीतेची आसवं आणि दवबिंदू दोघंही कीटक खाऊन भागवतात. सीतेच्या आसवांचे सापळे चिखलात असतात, मोहरीहूनही बारीक. खिशात दहापट भिंग ठेव, मायक्रोस्कोपची वाट बघू नकोस.

एक मीटर लांबी-रुंदीचे दहा चौकोन खुणा करून ठेव, दर आठवड्याला त्याच चौकोनांत काय उगवलं, काय फुललं ते लिही. उपटायचं काही नाही. दीपकाडी जगात फक्त आपल्या या पट्ट्यात आहे. पायाखाली बघ, सड्यावर कातळशिल्पंही असतात, कातळात कोरलेली जुनी चित्रं. माझा एक विद्यार्थी कोरलेल्या हत्तीच्या सोंडेवर बसून डबा खात होता.

खाडीकाठची

सगळ्यांचे आभार. नऊ हजार भरले नाहीत. बाबांना पाऊणपटीचं विचारलं तर ते म्हणाले, कॉलेजात आता हे शिकवायला लागले काय? पहिल्यांदाच माझ्या अभ्यासात त्यांनी काही विचारलं.

कासवांचं आणि सड्याचं दोन्ही आवडलं, पण सड्यावर जायला वेळ नाही, एसटीतच दिवस जातो. उघाडीवरची ताई, घराजवळ नेमकं काय मोजू? आई म्हणते पूर्वी एका सुकतीला टोपली भरायची, आता निम्मी भरते. पण ती असं प्रत्येक गोष्टीबद्दल म्हणते, भाताबद्दलही.

उघाडीवरची

मग तेच मोज! आई बरोबर म्हणते की नाही हाच तुझा प्रश्न. खडकावर किती वाजता बसली, किती वाजता उठली, कोणत्या खडकाशी, सोबत किती बायका, आणि घरी आल्यावर सोललेल्या मांसाचं वजन. मासळीच्या तराजूवर होईल. नुसतं वजन नको, तासाला किती पडलं ते काढायचं, कारण पाच तास बसून भरलेली टोपली आणि दोन तासांत भरलेली टोपली एक नव्हे. शेजारच्या दोन-तीन काकूंचंही मिळालं तर सोनं. त्यांना आधी सांग हे कशासाठी ते, आणि वहीत नावं नकोत, आकडे टाक. कोण कुठे बसते हे गुपित असतं, ते बाहेर फुटलं तर तुझी आई तुला घरात घेणार नाही.

वर्ष भरलं की तक्ता मला दाखव.

खाडीकाठची

सुरुवात केली. अमावास्येला आई आणि दोन काकू, साडेतीन तास, आईचं सोललेलं मांस सातशे ग्रॅम. एका काकूंनी वजन करू दिलं नाही, म्हणाल्या दृष्ट लागते. दुसऱ्यांनी स्वतःहून तराजू धरला.

एक शंका आहे. आज द्वितीया, पाणी चांगलं हटलं होतं, पण आईचा गुडघा दुखतोय म्हणून ती गेली नाही. वहीत शून्य लिहू?

उघाडीवरची

नाही. गेली आणि मिळालं नाही तर शून्य. गेलीच नाही तर आकड्याचा रकाना कोरा आणि शेरा: गुडघा.